आधी चिंधीवर

८ जानेवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

हे पत्र चादरींच्या घड्या घालताना मोठ्याने वाचलं जाणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. बाबांनी इस्त्री उभी करून ठेवावी आणि आईने तिसरं मशीन बंद करावं. ते थरथरायला लागलं की दुकानात कुणालाच काही ऐकू येत नाही. हीच बातमी मी फोनवर सांगत होते तेव्हा तू मधेच कुणाला तरी कोटाची पावती विचारत होतीस. म्हणून पत्र.

बातमी अशी की माझ्या थैल्या पोचल्या.

कुठल्या थैल्या, ते आईसाठी पुन्हा सांगते. आपल्या शरीरात काही पेशी अशा असतात की मोठेपणी काय व्हायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नसतं. पुढे हाड होतील, चरबी होतील, कूर्चा होतील. त्यांना मूळ पेशी म्हणतात. आम्ही त्या चपट्या बाटल्यांमध्ये गुलाबी पाण्यात वाढवतो. या पेशी आपल्या अंगातून सतत बारीक बारीक थैल्या बाहेर सोडत असतात, आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत इतक्या बारीक. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात, पण प्रयोगशाळेत आम्ही थैल्याच म्हणतो. एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो तो या थैल्यांतून. आमच्या मॅडमचं म्हणणं, निरोप जातो तर औषधही जायला हवं. शिवाय मूळ पेशींना कॅन्सरच्या गाठीची ओढ असते, तशी त्यांच्या थैल्यांनाही थोडीफार असावी असं दिसतं. म्हणून मी ते पाणी गोळा करते, मोठ्या यंत्रात गरागरा फिरवून थैल्या तळाला बसवते आणि त्यांत कॅन्सरचं औषध भरते. लहानपणी तू माझं नाव भिंगरी ठेवलंस आणि आता माझा अर्धा दिवस काहीतरी फिरवण्यात जातो, हे तुझ्याच तोंडचं खरं झालं म्हणायचं.

या वेळी थैल्यांना हिरवा रंग लावला होता. कॅन्सरच्या पेशींच्या ताटलीत सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पेशींच्या पोटात हिरवे ठिपकेच ठिपके, आणि बऱ्याच पेशी मेलेल्या. शेजारच्या ताटलीत निरोगी पेशी होत्या, त्या बहुतेक सुखरूप. मॅडम बघून नुसतं हं म्हणाल्या आणि पुन्हा करून दाखव म्हणाल्या. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो त्या उगाच पुसत नाहीत.

बाबांना सांग, आपण प्रत्येक कपड्याला नंबराची पट्टी टाचतो ना, तसंच आहे हे. थैलीने नेमक्या त्याच घरी जायचं, शेजारच्या दाराला हात लावायचा नाही. असं औषध निघालं तर माणसाला बरं होण्यासाठी आधी अर्धमेलं व्हावं लागणार नाही. अशा कामाला आपला हात लागावा, एवढंच मला आयुष्यात हवं आहे. हसू नकोस.

सगळ्यांचा लोभ आहे म्हणूनच इथे थंड खोलीत उभी राहू शकते. तो तसाच राहू दे.

तुझी
भिंगरी

---

२० जानेवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा घड्या घालताना आणि एकदा तुझ्या बापाच्या हट्टाखातर, कारण पहिल्या वेळी नेमकं थैल्यांच्या जागी एक बाई पडदे घेऊन आली. आता तर पत्राची गरजच उरली नाही, त्याला ते पाठ झालंय. काल एक म्हातारे गृहस्थ एक टाय न्यायला आले. टाय घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांची अशी समजूत झाली होती की कॅन्सर संपला आणि तो आमच्या घरातून संपला. बस चालवणारा तो उंच मुलगा आहे ना, त्याचा गणवेश रोज आपल्याकडे येतो. त्याला तुझ्या बापाने एक पट्टी दाखवून सगळं समजावलं. बस सुटायची वेळ झाली तरी हा सोडेना.

मी मोठी बहीण आहे, त्याला खाली आणणं माझं काम. पण खरं सांगू, मीही आणलं नाही. आपल्या घरात शाळेच्या पुढे कोण गेलं होतं? मी एकटी असले की त्या कपाटावरच्या तुझ्या पदवीच्या फोटोवरची वाफ पुसते. हे वाक्य मी मोठ्याने वाचणार नाही.

बाकी दुकान ठीक. एकच चमत्कारिक गोष्ट आहे. तुला माहीत आहे, आपल्याकडे तुझ्या बापाची शीळ चालू आहे तोवर सगळं आलबेल, आणि शीळ थांबली की मागच्या खोलीत काहीतरी जळलं. हल्ली ती मधेच थांबते. मी गल्ला उघडा टाकून मागे धावते तर काही जळलेलं नसतं, हा नुसता गप्प उभा. दात जिभेला लागतो म्हणतो. मी म्हटलं, दातवाल्याकडे जा. जातो म्हणाला, म्हणजे जाणार नाही.

त्याने विचारायला सांगितलंय की हे औषध लोकांना मिळणार कधी.

जेवण वेळेवर घे. तुझी काळजी करायचं काम माझ्याकडेच राहू दे, तुझ्या आईकडे मशीनं आहेत.

तुझी
आत्या

---

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पुन्हा करून दाखवलं, पुन्हा जमलं. या वेळी मॅडम हं म्हणाल्या आणि वर चहाही पाजला. माझ्या शेजारी बसणारा मुलगा, ज्याला आम्ही भाऊसाहेब म्हणतो कारण तो सगळ्यांना सल्ले देतो, त्याने मला मनापासून शाबासकी दिली आणि लगेच माझ्या बाटल्या चुकीच्या फळीवर असल्याचंही सांगितलं.

माझी खोली छान आहे. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, दिवसभर कानस चालते. मला तिसऱ्या मशीनची सवय, त्यामुळे झोप छान लागते. खिडकीतून बस धुण्याची जागा दिसते. ते लोक बसचा वरचा भाग नीट धुवत नाहीत. बाबा असते तर खाली जाऊन सांगून आले असते.

औषध कधी मिळणार, हे बाबांनी विचारलंय. मॅडम म्हणतात वेळ लागेल. पण मला विचाराल तर मिळणार हे नक्की. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि दाताचं काय? बाबांना म्हणावं, शीळ ही दुकानाची घंटा आहे, ती बिघडलेली ठेवू नये. दातवाल्याकडे गेले का ते कळव.

इथली थंडी सहन होते, तुमचं पत्र उशिरा आलेलं मात्र होत नाही.

भिंगरी

---

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अ. आ.

हे पत्र मी घरी बसून लिहिते आहे, दुकानात नाही. तू बसून वाच.

परवा दुकानात हॉस्पिटलमधून फोन आला. मला वाटलं त्यांच्या पडद्यांचं काम असेल. तर पलीकडची मुलगी तुझ्या बापाचं नाव घेऊन विचारते की आदल्या दिवशी त्यांच्यासाठी खाट राखून ठेवली होती, ते आले का नाहीत. मग हळूहळू सगळं निघालं. हा दातवाल्याकडे गेला होता, आम्हाला न सांगता. जिभेच्या कडेला बरी न होणारी जखम होती, ती पाहून त्याने हॉस्पिटलात पाठवलं. तिथे बारीक तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. लहान आहे, आणि लहान आहे तोवर काढून टाकला तर बहुतेक तिथेच संपेल, असं डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. तारीखही दिली होती.

आणि या शहाण्याने त्यांना काय सांगावं? घरचंच औषध येतंय, मुलगी बनवते आहे, थोडं थांबतो. ती फोनवरची मुलगी मला विचारत होती, आमची औषधांची कंपनी आहे का. मी म्हटलं, लॉन्ड्री आहे.

मी मागे जाऊन त्याला फैलावर घेतलं. तो एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिला. म्हणाला की पोरीने लिहिलंय नक्की म्हणून.  तुझ्या आईने एकेक करत तिन्ही मशीनं बंद केली आणि टोपलीवर बसली. भर दिवसा दुकान इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

तू धावत येऊ नकोस. तू आलीस की तो तुला नव्या पडद्यांचं काम दाखवत बसेल आणि तू रडशील आणि ऑपरेशन राहून जाईल. तू त्याला लिही. माझं तो लहानपणापासून ऐकत नाही. तुझं मात्र जरा जास्तच ऐकतो, तीच तर अडचण झाली आहे.

तुझ्यावर माझा राग नाही, हे वेगळं लिहायला नको. तरी लिहिते.

आत्या

---

२० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोन केला तर तुम्ही फोन तिसऱ्या मशीनजवळ धरलात आणि काही ऐकू येत नाही म्हणालात. मी त्याच दुकानात वाढले आहे, बाबा. तो आवाज मी ओळखते.

मी नक्की असं लिहिलं होतं, आणि ते माणसांबद्दल नव्हतं, ताटलीबद्दल होतं. माझी ताटली बशीपेक्षाही लहान आहे. तिच्यात पेशींचा एक पातळ थर असतो. तिला रक्त नाही, यकृत नाही, ताप येत नाही, जेवण लागत नाही. तिथे थैली पोचली म्हणजे माणसात पोचेल असं नाही. माणसात सोडलेल्या थैल्या वाटेत यकृतच अडवून ठेवेल की काय, हेही मला ठाऊक नाही. हे तपासायला वर्षं लागतील. पाच की पंधरा, मॅडमनाही माहीत नाही. तुमची गाठ तोवर लहान राहणार नाही. आत्ता ती कापून निघते. पुढे निघेल की नाही कुणी सांगू शकत नाही.

आमच्या संस्थेला लागूनच मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या जिभेच्या सर्जनबाईंना मी भेटले, तुमचा रिपोर्ट आत्याने पाठवला होता तो दाखवला. त्या चौदा मार्चला ऑपरेशन करतील. तुम्ही आणि आई माझ्या खोलीवर राहा.

मी या घरातली शिकलेली मुलगी असेन तर माझं एवढं एक ऐका.

पायाशी बसून लिहिते आहे असं समजा.

तुमची
भिंगरी

---

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
बाबांचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. मला कॉलर करायला सांग, पत्र नको. पण आत्या म्हणाली, तूच लिही, मी तुझा मूर्खपणा माझ्या अक्षरात लिहिणार नाही.

तुझं पत्र समजलं. ताटलीचं समजलं. पण मला एक सांग. आपला एखादा नातेवाईक आपले कपडे पलीकडच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत देतो, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? तुझ्या आईच्या मामेभावाने एकदा दिले होते. मी अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. मी सगळ्या गिऱ्हाईकांना सांगून बसलो आहे की माझी मुलगी औषध करते. आणि माझ्यावर वेळ आली की मीच दुसरीकडे जाऊ? लोक म्हणतील, बापाचाच भरवसा नाही. तू साधी आहेस, आपल्या कामाला कमी लेखतेस. मी नाही लेखत.

दुसरं. डॉक्टर म्हणतात जिभेची एक कड जाईल. बोलता येईल, खाता येईल. मी शिळेचं विचारलं. ते हसले. वाईट नाही हसले, पण हसले. तू लिहिलं होतंस की तुझ्या थैल्या शेजारच्या दाराला हात लावत नाहीत. तू टोपलीत धुतलेल्या टॉवेलांवर झोपायचीस तेव्हा मी शीळ थांबवली की उठायचीस. मला दुसरं काय येतं? इस्त्री आणि ती.

मी थांबायला तयार आहे. तू घाई करू नकोस, नीट कर.

आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही.

बाबा

---

२८ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. तुमचं पहिलं पत्र, आणि ते असं.

शिळेवर मी हसणार नाही. सर्जनबाईंना विचारलं, त्याही हसल्या नाहीत. म्हणाल्या, गाठ कडेला आहे, टोक वाचेल. काहींना शीळ पुन्हा येते, काहींना येत नाही, कुणाला येईल ते आधी सांगता येत नाही. मीही सांगणार नाही. एकदा नक्की लिहून झालंय माझं. पण गाठ वाढली तर टोकही जाईल, आणि पुढे फार काही जाईल. थांबण्याने शीळ वाचत नाही, बाबा. ती लांबणीवर पडत नाही, ती जातेच.

आता नातेवाईकाचं. मागच्या खोलीत खिडकीखाली चिंध्यांची बादली आहे. नवीन साबण आला, नवीन डाग काढायचं औषध आलं, की तुम्ही ते कधी गिऱ्हाईकाच्या कपड्यावर घातलं आहे का? विकणारा कितीही शपथा घेऊ दे, तुम्ही म्हणता, आधी चिंधीवर. मग सुती चिंधी, मग लोकरी, मग रेशमी. मग वाळवून, मग उन्हात ठेवून. एकदा तो निळा साबण तुम्ही हिवाळाभर चिंध्यांवरच चालवला आणि आत्या म्हणाली की आता चिंध्यांना घालून मिरवू या का. तेव्हा कुणी म्हटलं का की तुमचा साबणावर भरवसा नाही? तुमचा आहे म्हणून तर लोक लग्नाचे कपडे तुमच्याकडे देतात.

माझं औषध चिंधीवर आहे, बाबा. पहिल्याच चिंधीवर. तुम्ही ते अंगावर घ्यायला निघालात. तुमच्याच दुकानात तुम्ही हे कुणाला करू दिलं नसतं.

आणि ही चिंधीही फार चांगली नाही. आमच्या ताटलीतल्या पेशी कित्येक वर्षं बाटलीत वाढलेल्या आहेत, त्यांना बाटलीचीच सवय झालेली. खऱ्या गाठी अशा वागत नाहीत असं मॅडम म्हणतात. हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या काही जणांच्या गाठीचा तपासणीतून उरलेला तुकडा, त्यांनी हो म्हटलं तर, आम्हाला मिळतो. तो थोडे दिवस जिवंत ठेवता येतो. असे तुकडे फार कमी येतात, कारण भ्यालेल्या माणसाला कुणी काही मागायला गेलं की तो नाहीच म्हणतो. हे तुम्हाला सहज सांगितलं, माझ्या कामाची अडचण म्हणून.

एक शेवटचं. तुम्ही थांबलात तर मला या थैल्या हातात धरता येणार नाहीत. दर वेळी वाटेल की बाबा यांच्यासाठी थांबले होते. मला हे काम खूप आवडतं. ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

तुमच्या हट्टाची वारसदार,
भिंगरी

---

६ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

या वेळी तुझं पत्र मला वाचायला मिळालं नाही. दुकानात आलं, त्याने माझ्या हातातून घेतलं आणि मागे गेला. इतक्या वर्षांत मोठ्याने न वाचलेलं हे तुझं पहिलं पत्र. मी घड्या घालत राहिले आणि तुझी आई मशीन बंद करून मागच्या दाराकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने मी मागे डोकावले तर हा चिंध्यांची बादली पुढ्यात घेऊन बसलेला. एकेक चिंधी काढून उजेडात धरून बघत होता. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग त्याने मला विचारलं की हे तुकडे नक्की कुणाकडून घेतात. मला काय माहीत कुठले तुकडे. तेव्हा कुठे पत्र माझ्या हातात आलं. मी वाचून सांगितलं, ज्यांचं ऑपरेशन होतं त्यांच्याकडून.  मग तो म्हणाला की म्हणजे आपण यात गिऱ्हाईक नाही, चिंधी आहोत. आणि हसायला लागला. तुझी आई त्याच्याशी आठवडाभर बोलत नव्हती, ती म्हणाली की हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग दोघंही हसली. मी आत जाऊन डोळे धुतले, साबण गेला होता.

तर बारा तारखेला दोघं येतात. तो स्वतःची उशीची खोळ घेऊन येतोय, कारण हॉस्पिटलच्या इस्त्रीवर त्याचा विश्वास नाही. दुकान मी बघते. इस्त्रीला त्या बसवाल्या मुलाची बहीण येणार आहे, हात बरा आहे तिचा.

आणि एक. काल त्याने दिवसभर शीळ घातली. येणारी सगळी गाणी, ती मला न आवडणारी लांबलचकसुद्धा. जखम दुखत असणार, मधे मधे थांबून पाणी प्यायचा आणि पुन्हा सुरू. लोक कपडे घेऊन झाले तरी जाईनात. म्हातारे टायवाले गृहस्थ तर खुर्ची मागून बसले. मी एकदाही मागे धावले नाही.

त्याला तुझ्या हाती देते आहे. आणि तुला त्याच्या.

आत्या

---

२४ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलंच, तरी तुझ्या हातात कागद असावा म्हणून लिहिते. रिपोर्ट आला. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, मानेतल्या गाठींत काही नाही. आता ठरलेल्या वेळी दाखवायला येत राहायचं, बस. मी हे तीन वेळा वाचलं आणि मग सर्जनबाईंकडून वाचून घेतलं.

बाबांना बोलायला मनाई आहे, म्हणून आईने पाटी आणून दिली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर पहिलं काय लिहिलं असेल? चादरीला उलट्या बाजूने इस्त्री आहे. परिचारिकेने वाचलं आणि तिला वाटलं की भूल उतरली नाही. आता ती त्यांना घाबरते, खाट करताना आधी त्यांच्याकडे बघते. आई शांतपणे शेजारी बसते. म्हणते की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला एक अख्खं वाक्य पूर्ण बोलता येतंय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुकड्याबद्दल विचारायला हॉस्पिटलचा माणूस आला. मी मुद्दाम खोलीबाहेर गेले, माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हो म्हणू नये म्हणून. परत आले तेव्हा सही झाली होती आणि बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते, मोठं काम मिळाल्यावर बघतात तसे.

त्याच आठवड्यात आमच्याकडे तीन तुकडे आले. बर्फात तीन डब्या, त्यांवर तीन नंबर, नाव कुठेच नाही. त्यांत बाबांचा असेल किंवा नसेलही, कारण काही तुकडे दुसरीकडे जातात. मला ते कधी कळणार नाही आणि कळायलाही नको, नियमच तसा आहे. पण आत्या, डब्या उघडताना माझे हात आपोआप हळू झाले. तिन्हींसाठी सारखेच. या आधी आलेल्या तुकड्यांनाही कुणीतरी चष्म्यावरून बघत हो म्हटलं असेल, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि निकाल सांगायचा तर फजिती. ताटलीत सुळकन शिरणाऱ्या माझ्या थैल्या खऱ्या तुकड्याच्या पृष्ठभागावरच अडून बसल्या. एकात थोड्या आत गेल्या, उरलेल्या दोहोंत नाहीच. मला वाटलं सगळं संपलं. मॅडम मात्र खूश दिसल्या. म्हणाल्या, आता खरं काम सुरू झालं. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, पहिल्या धुण्यात कधी डाग निघाला आहे का. वर मला विचारतात, पाणी कोमट केलंस का. नाही केलं. पण तुकड्यावर थैल्या किती वेळ ठेवायच्या ते आता बदलून बघते आहे.

गल्ल्यावरून उठून जरा पाय लांब कर. आम्ही सगळे आहोत, हे तुला आठवण म्हणून.

भिंगरी

---

३० मे

चि. भिंगरीस,
बाबांचे आशीर्वाद.

हे माझं दुसरं पत्र. सवय लागली तर तुलाच टपालाचा त्रास.

मी रोज इस्त्रीला उभा राहतो. बसवाल्याच्या बहिणीला आम्ही ठेवून घेतलं. चुणीदार पडदे तिला माझ्यापेक्षा बरे जमतात, हे मी तिला सांगितलेलं नाही. जेवण जातं. बोलताना जीभ जरा अडखळते, त्यामुळे गिऱ्हाईकांना थोडक्यात सांगतो. आत्याच्या मते हा ऑपरेशनचा सगळ्यात मोठा फायदा.

औषधाबद्दल लोक विचारतात. मी आता म्हणतो, चिंधीवर आहे. टायवाल्या गृहस्थांना मी चिंधीही दाखवली. ते म्हणाले, मग बरोबर चाललंय. तुझ्या तीन डब्यांपैकी कुठली माझी, ते चुकून कळलं तरी मला सांगू नकोस. आपल्याकडे नंबर टाचला की कपडा कुणाचा हे धुताना बघत नाहीत. सगळे सारखे धुवायचे.

शिळेचं म्हणशील तर पहिले काही आठवडे नुसती हवा. दुकान गप्प. तुझी आत्या जुन्या सवयीने दिवसातून दहादा मागे धावत यायची, काय जळलं बघायला. काही जळलेलं नसायचं. पुढे तिची सवय मोडली. मग मी तिसरं मशीन चालू असताना हळूच प्रयत्न सुरू केला. किटलीसारखा आवाज यायचा.

काल एका कॉलरवर होतो. एक सूर लागला. अर्धाच, पण लागला. आत्या गल्ला टाकून धावत आली. दारात उभी राहिली. काही जळलं नव्हतं. ती परत जाऊन बसली. नंतर तुझ्या आईने येऊन तिसरं मशीन बंद केलं आणि कारण सांगितलं नाही.

गिऱ्हाईकांसमोर अजून काढणार नाही. सध्या चिंधीवर चालू आहे. तुझंही तसंच चालू दे.

बाबा